एसएमपीएस तोच चालेल का?

एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितोय. "नवं ग्राफिक्स कार्ड घेतोय, एसएमपीएस जुनाच ठेवला तर चालेल ना?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. मी उलट एवढंच विचारतो की त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत? बहुतेकांनी ते लेबल कधी बघितलेलंच नसतं. कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढल्याशिवाय ते दिसतही नाही.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, इथे नागपुरात ओळखीच्या एका घरून फोन आला. मुलगी अ‍ॅनिमेशन शिकते. पैसे साठवून तिने आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. इंटरनेट, व्हिडिओ सगळं नीट चालायचं, पण रेंडर (तयार केलेल्या दृश्यांची अंतिम चित्रं संगणकाकडून बनवून घेणं) लावला की दोन-तीन मिनिटांत मशीन धाडकन बंद पडायचं आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. दुकानदार म्हणाला, कार्डच खराब आहे.

मी पत्रा काढला. आत कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस होता, हातात घेतला तर अगदी हलका. वर ठळक अक्षरांत ५०० वॉट. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टला १५ अँपिअर. गुणाकार केला की होतात १८० वॉट. आता ३०६० हे कार्ड एकटंच १७० वॉट ओढतं आणि तिचा आय-फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर पूर्ण जोर लावला की ११७ वॉटपर्यंत जातो. दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. पूर्वीच्या संगणकांत बराचसा लोड ५ व्होल्टवर असायचा. साधारण २००० साली, पेंटियम ४ च्या सुमारास, प्रोसेसर १२ व्होल्टवर आला आणि तेव्हापासून एसएमपीएसची खरी ताकद त्या एकाच रकान्यात बघायची असते. चांगल्या ५५० वॉटच्या युनिटवर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा सापडतो, म्हणजे जवळपास सगळेच वॉट १२ व्होल्टला मिळतात.

पण मला त्याहून जास्त धास्ती वाटली ती जोडणीची. त्या एसएमपीएसला कार्डासाठीची आठ पिनांची वायरच नव्हती. मोलेक्सच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या, दोन वायरी एकत्र करणारा अ‍ॅडाप्टर लावून काम भागवलं होतं. त्याचं पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात चहाच्या रंगाचं झालं होतं, पिन त्यात वितळून रुतली होती आणि पिवळ्या वायरीचं आवरण बोटाला कडक लागत होतं. ती मुलगी रात्री रेंडर लावून त्याच खोलीत झोपायची. हे मी तिच्या आईवडिलांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून माझा आग्रह असतो की आधी एसएमपीएस, मग कार्ड. हिशेब फार अवघड नाही. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५, आठ पिनांच्या वायरीतून १५०. कार्ड आणि प्रोसेसरचे वॉट मिळवा, बाकीच्या सामानाचे ५०-६० धरा आणि वर भरपूर जागा ठेवा. ही जागा कशाला, तर कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं आपल्या आकड्याच्या कितीतरी वर उडी मारतं. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएससाठीच्या मानकात तर ग्राफिक्स कार्डाच्या या उड्यांसाठी एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद दुप्पट लोड सहन करावा, अशीच अट घातली आहे. या कार्डाची चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियाने ३०६० साठी ५५० वॉट सुचवलेत ते याचसाठी. मात्र त्या कार्डासाठी हजार वॉटचं युनिट घेऊ नका. तो पैसा चांगल्या मॉडेलमध्ये घाला.

'८० प्लस'च्या ब्राँझ-गोल्ड शिक्क्याबद्दलही विचारलंत. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जात नाही, एवढंच तो शिक्का सांगतो. शॉर्ट झालं तर युनिट वेळेत बंद होईल का, हे तो सांगत नाही. शिवाय ती चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, कॅबिनेटच्या आत काय असेल याचा विचार करा. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात पूर्ण वॉट ४० अंशांना दिलेत की ५० अंशांना, हे मी आवर्जून बघतो. दुसरं बघतो वॉरंटी. पाच, सात, दहा वर्षं देणारी कंपनी आतला माल जपून वापरते. नुसत्या ब्रँडवर मात्र जाऊ नका. सीसॉनिक स्वतः एसएमपीएस बनवते, कॉर्सेअर वेगवेगळ्या कारखान्यांकडून बनवून घेते आणि एकाच नावाखाली स्वस्त आणि उत्तम अशा दोन्ही मालिका विकल्या जातात. उघडून, लोड देऊन तपासलेलं परीक्षण त्याच मॉडेलचं वाचा.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच्या आसपासच देतो. गेम चालू असताना लाइट गेली की तो तिथेच मान टाकेल. आणि मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता-लावता येणारा, एसएमपीएस बदलताना जुन्या वायरी नव्याला लावू नका. खटका बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असू शकते. चुकीचा व्होल्टेज गेला की हार्ड डिस्क क्षणात जाते आणि तिच्यातला सगळा डेटाही. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज शिल्लक राहू शकतो.

तिला आम्ही ५५० वॉटचं ब्राँझ युनिट बसवलं, कार्ड तेच ठेवलं. खराब ठरवलेलं ते कार्ड आजही तिच्या मशीनमध्ये रात्र-रात्र रेंडर करतंय.

तुमच्या एसएमपीएसच्या लेबलचा फोटो पाठवा. खोक्याचा नको, लेबलचा, तक्ता वाचता येईल असा.