परसातला वसंत : लिंबाची पालवी, अळ्या आणि अर्धवट रंगलेला शिंजीर

यंदा ठरवलं होतं की फुलांच्या मागे फार लागायचं नाही. पळस-पांगाऱ्याचे फोटो सगळेच टाकतात (टाकावेतच, दिसतातच तसे). पण परसात वसंत खरा कुठे सुरू होतो बघायचं तर कोवळी पालवी बघा, असं माझं मत होत चाललंय. पिंपळाची तांबूस पानं लांबूनही कळतात, तो रंग अँथोसायनिनचा, पान जून झालं की हिरवं. पण सगळ्यात जास्त गडबड चाललीये ती लिंबावर.

लिंबाला आंबे बहार (या दिवसांतला फुलोरा) आलाय, सोबत नवी पालवी फुटली आणि लाइम बटरफ्लायच्या माद्या घिरट्या घालायला लागल्या. मादी पानावर धड बसतपण नाही, पंख फडफडवतच पोट वाकवते, एक अंडं चिकटवते की गेली पुढच्या शेंड्याला. अंडं मोहरीपेक्षाही बारीक, फिकट पिवळं, एकदम गोल. हँडलेन्स असेल तर रोज बघा, फुटायच्या आधी त्याचा रंग गडद होत जातो आणि ऊन बऱ्यापैकी असेल तर ३-४ दिवसांत अळी बाहेर येते, ती आधी स्वतःच्या अंड्याचं कवचच खाते. मग काही दिवस ती हुबेहूब पक्ष्याची शीट, काळपट-तपकिरी आणि मधे पांढरा पट्टा, पानावर उघड्यावर बसलेली असते तरी नजर वरून सरकून जाते. शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार. अशा मोठ्या अळीला काडीने हलकेच टोचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते, मी एकदाच केलं, उगाच त्रास नको द्यायला.

कॉमन मॉर्मन आणि ब्लू मॉर्मन ही फुलपाखरंसुद्धा लिंबावर अंडी घालतात आणि लहानपणी त्यांच्याही अळ्या शीटेसारख्याच दिसतात, त्यामुळे लहान अळीचा फोटो टाकून ‘हे कुठलं फुलपाखरू’ विचारू नका, हिरवी होईपर्यंत थांबा.

पानांवर चंदेरी नागमोडी रेघा दिसतायत ती नागअळी, पानाच्या आत राहून पोखरते. शेंड्यांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) आहे आणि त्याचा गोड चिकटा प्यायला मुंग्या, त्यांच्यातच लेडीबर्डच्या अळ्या मावा फस्त करतायत. त्या काळ्या काटेरी अळ्या बघून लोक फवारा मारतात, अरे तीच तर तुमच्या बाजूची आहे! मी तरी काहीच फवारलेलं नाहीये, पानं थोडी खाल्ली जातायत, जाऊ देत.

पक्ष्यांचं थोडक्यात. जांभळ्या शिंजीराचा नर सध्या बघण्यासारखा झालाय, विणीचा रंग अर्धाच चढलाय, पोट पिवळं, गळ्यापासून खाली काळी पट्टी आणि पाठीवर कुठेकुठे जांभळे चमकदार ठिपके, नीट न रंगवलेल्या भिंतीसारखा. मादीने वेलीच्या टोकाला घरट्याची सुरुवात केलीये, कोळ्याचं जाळं चोचीत घेऊन येते आणि त्यानेच सालीचे तुकडे, सुकं गवत बांधत जाते. बांधणं तिचं, अंडी उबवणंही तिचंच, नर शेजारच्या फांदीवर नुसता ओरडतो. आता लांबूनच दुर्बिणीने बघायचं, बांधकाम चालू असताना जवळ गेलं तर घरटं सोडून देऊ शकते.

तांबट पहाटेपासून टुक टुक करतोय, ओरडताना त्याची चोच बंद असते आणि गळा फुगतो, समोरून बघायला मिळाला तर तेवढं नक्की बघा. कोकीळ अजून अधूनमधूनच, कावळे घरटी करायला लागले की तो खरा रंगात येईल.

पुढच्या नोंदीत कोष. हिरव्या झालेल्या अळ्यांपैकी दोघी झाड सोडून कुंपणाकडे निघाल्यात, कोषाचा रंग आजूबाजूप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी होतो म्हणतात, तेव्हा एक पानात आणि एक सुक्या काडीवर लागली तर मजा येईल. कुणाकडे दोन्ही रंगांचे फोटो असतील तर टाका की.