गच्चीवरची टाकी

गच्चीवरच्या माशांच्या टाकीतल्या पाण्यात आज पहिल्यांदा माशांना घातक असलेला अमोनिया शून्य आणि तसंच घातक नायट्राइटही शून्य! चाचणीच्या काचेच्या नळीतल्या पाण्याचा रंग मी तीनदा उजेडात धरून पाहिला. सहा आठवडे या दिवसाची वाट बघत होते.

२०० लिटरच्या निळ्या पिंपात सहा गोल्डफिश, वर खडीने भरलेल्या टबात पालक आणि पुदिना. माशांपासून पाण्यात अमोनिया येतो. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि तेच रोपांचं खत. हे जिवाणू सावकाश वाढतात, तिथे घाई चालत नाही. मी ती केली होती. दुसऱ्याच आठवड्यात नळाचं पाणी थेट ओतलं आणि क्लोरीनमुळे दोन मासे गेले. अजून वाईट वाटतं. आता बादली २४ तास उघडी ठेवते, मगच पाणी घालते.

पालकाची कोवळी पानं पिवळी पडतायत, शिरा मात्र हिरव्या. म्हणजे लोह कमी. उद्या चिलेटेड लोह (रोपांना सहज शोषता येणारं लोह) आणायचंय.

दुपारी वीज गेली तेव्हा आई स्वतःहून वर येऊन विचारत होती, "अगं, माशांचा पंप चालू आहे ना?" बॅटरीवरचा एअरपंप चालू होता. आम्ही दोघी बुडबुडे बघत बराच वेळ तिथेच बसलो.