काकू, हा डबा अजून का ठेवलाय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही, घरातले सगळे कंटाळलेत. इंदूरच्या रामबागेत आमच्याकडे जो येतो, मग तो पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेला असो की हळदीकुंकवाला आलेली बाई असो, पुढच्या खोलीतला तो पिवळा पडलेला सीपीयू बघतो आणि विचारतोच, काकू, हा डबा अजून का ठेवलाय, आणि चालतो का, आणि त्यात अजून विंडोज एक्सपीच आहे का. शेजारचा पोरगा तर सरळ म्हणतो, काकी, इसको तो म्यूझियम में दे दो. मी म्हणते देईन, आधी माझं काम होऊ दे.

तर ऐका. एक्सपीवर माझं प्रेमबिम काही नाही. लोकांना वाटतं बाई नवीन शिकायला घाबरते. अहो, मी विंडोज पंचाण्णवपासून अकरापर्यंत सगळी बघितलीत, मधलं मिलेनियम तेवढं हाताखालून गेलं नाही. बाजूच्या टेबलावर दहावालं मशीन आहे, जीएसटी, मेल, व्हॉट्सॲप, पीडीएफ सगळं त्यावरच चालतं. म्हणजे नवीन येत नाही असं नाही. पण दर व्हर्जनला नवीन शिकायचं आणि आधीचं शिकलेलं टाकून द्यायचं, यातलं दुसरं मला जमत नाही, कारण ते फक्त माझं नाहीये, त्यात अर्ध्या इंदूरच्या मराठी घरांची लग्नं आहेत.

मी १९९८ला डीटीपीत, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायच्या कामात आले. त्याआधी टायपिंगचा क्लास, रेमिंग्टनचं मशीन, कळ दाबली की खाडकन आवाज. तेव्हा घरी यूपीएस नव्हता आणि लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता, त्यामुळे दर दोन मिनिटांनी फाईल सेव्ह करायचं कंट्रोल एस दाबायची जी सवय लागली ती अजून आहे, मटार सोलतानासुद्धा डाव्या हाताची बोटं हलतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात स्वतः बिल गेट्स स्टेजवर असताना, विंडोज अठ्ठ्याण्णव बाजारात यायच्या आधी, त्यांचा माणूस स्कॅनर जोडून दाखवायला गेला आणि हजारो लोकांसमोर मशीन कोलमडल्याचा निळा पडदा आला. हे मला खूप नंतर कळलं. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मग एक्सपी. ऑक्टोबर २००१ला आलं, आमच्याकडे आलं २००३मध्ये. पंचाण्णव-अठ्ठ्याण्णव ही जुन्या डॉसच्या जोत्यावर बांधलेली घरं होती, एक्सपीचा पाया वेगळा, ऑफिसवाल्या विंडोज एनटीचा, म्हणून एक प्रोग्राम अडला तरी सगळं मशीन बसायचं नाही. हे चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्याच एक्सपीत मराठी लिहायचं म्हणजे काय करावं लागायचं माहितीये? कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, रीजनल लँग्वेज उघडायचं, तिथे एका चौकोनात टिक करायची की मला अवघड लिप्या हव्यात, अरबी, थाई आणि आपण सगळे एकाच टोपलीत, आणि मग ते म्हणणार, आता विंडोजची सीडी घाला. सीडी कोणाकडे असायची? दुकानदाराकडे. दुकानदार म्हणणार उद्या आणतो. म्हणजे मशीन घरी आलंय, पैसे दिलेत, इंग्रजी चालतंय, आणि मराठीसाठी मात्र सीडी येईपर्यंत थांबा.

आणि थांबून मिळायचं काय, तर मंगल. हा फाँट विंडोज २०००पासून बरोबर यायला लागला, चांगला आहे, वाचता येतो, पण त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे. तुम्ही पुण्या-मुंबईत असाल तर म्हणाल त्यात काय एवढं. इथे इंदुरात होळकरांच्या वेळेपासून मराठी माणूस राहतो, मुलं हिंदी शाळेत जातात, घरात वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतं, मग जे काही उरलंय ते असल्या बारीक गोष्टींतच उरलंय. एका आजोबांनी मला प्रूफ परत केलं होतं, मजकुरात एकही चूक नव्हती, फक्त म्हणाले, हा ल आपला नाही. मी नवीन होते, मला हसू आलं. आता नाही येत.

तोच प्रकार अर्ध्या र चा. कऱ्हाडकर हे आडनाव नुसतं र, हलन्त, ह असं टाईप केलं की होतं कर्हाडकर, र सरळ ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे मंगलसारखे फाँट ज्या पद्धतीवर चालतात तिच्यात, त्यासाठी नुक्त्याचा वेगळा ऱ घ्यावा लागतो, हे सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं, मी बाकीचं सगळं करून शेवटी हातानं चिकटवायचे. शिवाय विंडोजबरोबर येणारा मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट नावाच्या वेगळ्या मांडणीचा, आणि माझा हात रेमिंग्टनचा. दहा बोटं न बघता चालणारी बाई मी, तिथे एका बोटाने क कुठे गेला ते शोधत बसायचे. उच्चारावरून टाईप करायचा कीबोर्ड विंडोजमध्ये आपणहून आला तो २०१९च्या अपडेटात, तोवर माझी सगळी वर्षं निघून गेली होती आणि तसाही तो माझ्या हाताचा नव्हेच.

म्हणून आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी जे केलं तेच मी केलं. पेजमेकर, म्हणजे पानं मांडायचं सॉफ्टवेअर, आणि जुने फाँट. इथे जरा थांबते कारण खरं कारण इथे आहे आणि पोरांना हेच समजत नाही. आमच्याकडची पत्रिका दोन भाषांची, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, शेजारी-पाजारी आणि ऑफिसवाल्यांसाठी. हिंदी बाजू कृतिदेव नावाच्या फाँटमध्ये, मराठी बाजू एका वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये. हे फाँट म्हणजे आतून इंग्रजीच. अक्षराच्या जागी नुसतं चित्र बदललेलं. तुम्ही कृतिदेवमध्ये राम लिहिलंत तर कॉम्प्युटरच्या लेखी ती जे, के, ई अशी तीन अक्षरं, त्याला रामाचा पत्ताच नाही, वरून फाँटचा मुखवटा चढवला की राम दिसतो आणि मुखवटा काढला की जे के ई. तेव्हा आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही, कागदावर राम छापून आला ना, झालं. ट्रेसिंगवर प्रिंट काढायची, स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला द्यायची, संध्याकाळी पत्रिका तयार.

आता ते मराठीचं सॉफ्टवेअर एका लॉकवर चालतं. लॉक म्हणजे मशीनच्या मागे प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावायचं बोटभर ठोकळं, ते काढलं की अक्षरं गायब. नव्या मशीनला ते पोर्टच नाही. जुन्या प्रोग्रामांतले जे सोळा बिटचे ते चौसष्ट बिटच्या विंडोजवर मुळात चालतच नाहीत, आणि पेजमेकरचं शेवटचं व्हर्जन, सातवं, ते २००१चं, त्यानंतर कंपनीने ते बंदच केलं. कन्व्हर्टर मिळतात, हो, मी वापरून बघितलेत, हिंदी बरीच बरी येते, मराठीत ळ आणि तो मेला ऱ्य घोटाळा करतात. हजारेक फाईली एकेक ओळ तपासत कोण बसणार? मी? बसते कधीकधी.

मधल्या व्हर्जनांचं थोडक्यात सांगते. २००७ला व्हिस्टा आलं, प्रत्येक गोष्टीला परवानगी विचारणारं. त्यात ड्रायव्हरची पद्धत बदलली आणि माझ्या प्रिंटरवाल्या कंपनीने, नाव नाही घेत, जुन्या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर काढलाच नाही, म्हणजे धडधाकट प्रिंटर एका दिवसात भंगार. सात चांगलं होतं, सगळेच म्हणतात. २०१२ला आठ आलं त्यात स्टार्टचं बटणच काढलं, लोकांना मशीन बंद कसं करायचं ते सापडेना, वर्षभराने आठ पॉइंट एकमध्ये बटण परत आणलं तर ते दाबून पुन्हा तेच रंगीत चौकोन. मेनू परत मिळाला तो दहामध्ये. घरातल्या सुनेने येऊन डबे हलवावेत, सासूने महिनाभर धुसफूस करावी आणि शेवटी मिठाचा डबा तेवढा जुन्या जागी यावा, असलं सगळं.

दहामध्ये माझी एकदा फजिती झाली ती मात्र माझ्याच चुकीने. एका मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका, बत्तीस पानं, मंगलमध्ये सेट केली आणि घाईत पीडीएफ न करता फाईल तशीच प्रेसला पाठवली. दहामध्ये मंगल मुळात येत नाही, तुम्ही मराठी किंवा हिंदी भाषा जोडलीत तर उतरवून घेतं. प्रेसच्या मशीनवर फक्त इंग्रजी. फाँट बदलला, ओळी सरकल्या, बत्तीसची झाली चौतीस, अध्यक्षांचं मनोगत अर्धं एका जाहिरातीखाली गेलं. नाही नाही ते बोलले अध्यक्ष मला. तेव्हापासून पीडीएफशिवाय घराबाहेर काही जात नाही.

आणि आता अकरा. २०१५मध्ये त्यांच्याच एका माणसाने जाहीर सांगितलं होतं की दहा हे शेवटचं विंडोज. सहा वर्षांत अकरा आलं, त्याला मशीनमध्ये टीपीएम दोन नावाची चिप हवी आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर. माझं दहावालं मशीन २०१६चं, सहाव्या पिढीचं, काही दुखत-खुपत नाही त्याला, पण लायक नाही म्हणे. दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट मिळायची सोय आहे, पुढे काय ते बघू. सिल्व्हर मॉलमधला दुकानदार म्हणाला, आंटी, नया ले लो, कितने साल चलाओगे. मी म्हटलं, भिया, माझ्या आईचा पाटा-वरवंटा साठ वर्षं चालला. तो हसला, त्याला वाटलं मी गंमत करतेय.

एक्सपीचा सपोर्ट तर ८ एप्रिल २०१४लाच संपला, मला ठाऊक आहे, कोणी घाबरवायची गरज नाही. त्याच महिन्यात मी त्याची नेटची वायर काढली ती परत लावली नाही. २०१७च्या मे महिन्यात ते वॉनाक्राय पसरलं, फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारं, तेव्हा सोडून दिलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने एक पॅच काढला होता. माझ्या मशीनला त्याची गरज नव्हती, ते तोवर संन्यास घेऊन बसलं होतं. तुम्ही मात्र माझं बघून एक्सपीवर बँकेचे व्यवहार करू नका, तो वेडेपणा आहे.

मागच्या थंडीत सुदामानगरचा एक मुलगा आला. आई-बाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यांची मूळ पत्रिका हवी होती, घरातली पावसात भिजून गेली, आणि आजी म्हणाली रामबागेतल्या काकूंनी केली होती, त्यांच्याकडे असेल. लग्न डिसेंबर २०००चं. मशीन लावलं. त्याचा बटणसेल कधीचा गेलाय, आणू आणू म्हणते आणि राहतं, त्यामुळे दरवेळी ते म्हणतं तारीख चुकली, एफ वन दाबा, आणि आपलं १ जानेवारी २००२ला उठतं. फाईल होती. गोरज मुहूर्त, चि. सौ. कां., दोन्हीकडचे आजोबा-पणजोबा, खाली बालगोपाळांची आग्रहाची ओळ, सगळं जागच्या जागी. मुलगा खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ आला. मग खिशातून चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह काढला, म्हणाला यात द्या. एक्सपीला तो वाचताच येईना, नव्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. शेवटी मी जुन्या लेसरवर प्रिंट काढली, त्याने मोबाईलने फोटो घेतला आणि तिथूनच आईला पाठवला.

दोन मिनिटांत आईचा फोन. मला वाटलं रडेल वगैरे. ती म्हणाली, काकू, पत्रिकेत तेव्हा नाशिकच्या मामांचं नाव राहिलं होतं, त्यावरून लग्नात केवढं झालं होतं, ते आता नव्या कार्यक्रमाला येणारेत, पुन्हा छापताय तर घालून द्या ना.

मग काय, आजोबांच्या खालची ओळ जरा वर सरकवली, मामांना जागा केली, मामा-मामी दोघंही बसले. सवयीने कंट्रोल एस दाबलं. फाईलवर तारीख पडली १ जानेवारी २००२.