टेटर टॉट हॉटडिशचं ख्रिसमस झाड : चौथ्या खेपेला उभं राहिलं

आपल्याकडे कॅसरोल म्हटलं की पोळ्यांचा डबा डोळ्यांसमोर येतो. इथे विषय आहे ओव्हनमधल्या कॅसरोलचा, ज्याला अमेरिकेतल्या मिनेसोटात हॉटडिश म्हणतात. खाली खिमा आणि भाज्या, त्यांना धरून ठेवणारा मशरूमचा दाट सॉस आणि वर बटाट्याचे कुरकुरीत टॉट. हे टॉट ओर-आयडा या अमेरिकन फ्रोजन-बटाटा कंपनीच्या ग्रिग बंधूंनी १९५३ साली काढले, फ्रेंच फ्राइज कापताना उरणाऱ्या बटाट्याच्या तुकड्यांपासून. नाताळात तेच टॉट झाडाच्या आकारात मांडायचे आणि झाड सजवायचं काम मुलांकडे द्यायचं.

भांडं : ३३ × २३ सेंमी, ५ सेंमी खोल काचेचं. ओटीजी (घरातला छोटा विजेचा ओव्हन) लहान असेल तर आधी आतलं माप घ्या. दार लागतं का, हे भांडं भरण्याआधी कळायला हवं.

खेप १. झाड बुडालं. अर्धे टॉट सॉसमध्ये गेले, उरलेले तिरके झाले. पाणी तीन ठिकाणांहून आलं होतं : फ्रोजन मटार-फरसबी तशीच घातली होती, मशरूमचं पाणी आटवलं नव्हतं आणि सॉस पास्त्याला करतात तेवढाच दाट होता. पास्त्याच्या सॉसला १०० मिली दुधाला ५ ग्रॅम मैदा पुरतो. इथे १० ग्रॅम लागतो.

आता ठरलेलं प्रमाण : लोणी ५० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, दूध ५०० मिली. मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परतायचा, रंग बदलू द्यायचा नाही. दूध कोमट करून थोडंथोडं घालायचं. सॉस पळीवरून धारेने न पडता गोळ्याने पडला की झाला. मशरूम २०० ग्रॅम बारीक चिरून कोरड्या कढईत आधी पाणी आटेपर्यंत परतायचे, मगच सॉसमध्ये घालायचे. मटार आणि फरसबी मिळून ३०० ग्रॅम. बर्फ उतरवून, चाळणीत निथळून, पंच्यात दाबून घ्यायची.

चिकन किंवा मटण खिमा ७०० ग्रॅम, एका मोठ्या कांद्यावर कोरडा होईपर्यंत परतायचा आणि सुटलेली चरबी काढून टाकायची. मीठ एक चमचा, मिरपूड एक चमचा, चिमूटभर जायफळ. गरम मसाल्याचा मोह आवरावा. तो पडला की चव नेहमीच्या खिम्याची होते आणि मशरूम हरवतात. शाकाहारी हवं असेल तर १५० ग्रॅम सोया ग्रॅन्युल्स भिजवून घट्ट पिळा. पिळण्यात कसूर झाली की पुन्हा पहिली खेप.

खेप २. सॉस उत्तम, टॉट फुटले. बटाटे पूर्ण उकडले होते, त्यामुळे टिक्कीचं पीठ झालं. कच्चा किसूनही पाहिला. पाणी सुटलं आणि कीस काळा पडला. जमतं ते अर्धकच्च्या बटाट्याने. ६०० ग्रॅम मध्यम बटाटे सालासकट उकळत्या पाण्यात १० ते १२ मिनिटं. सुरी बाहेरून सहज शिरावी, मधे अडावी. फ्रिजमध्ये पूर्ण गार करून सोला आणि जाड किसणीवर किसा. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, पाऊण चमचा मीठ. १० ग्रॅमचे, ३ सेंमी लांब आणि २ सेंमी जाड, छोट्या लोडासारखे टॉट वळा. १८० अंश तेलात फिकट सोनेरी होईपर्यंत तळा, गार करा आणि निदान दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. फ्रीजरमधून थेट भांड्यात मांडायचे. बर्फ उतरू दिला की वरचा थर ओलसर होतो आणि कुरकुरीतपणा गेलाच.

खेप ३. झाड सुरेख, सजावट भाजली गेली. मटार सुरकुतले, कोथिंबीर काळी पडली. चीजचा बर्फ सुरुवातीलाच घातल्यामुळे तपकिरी झाला. बर्फ पांढरा दिसला नाही तर सगळी गंमतच जाते, म्हणून चीज आता शेवटच्या आठ मिनिटांत.

खेप ४. मांडणी मोजून केली. टॉट उभे, म्हणजे भांड्याच्या लांबीच्या दिशेने. टोकाला एक, मग दोन, तीन, असं नऊपर्यंत. प्रत्येक ओळ विटांसारखी अर्ध्या टॉटने सरकवलेली. झाले ४५. खोडाला तीन. रुंदी १८ सेंमी, उंची खोडासकट ३० सेंमी, चारही बाजूंनी बर्फाला जागा उरते. मिश्रण भांड्यात पसरल्यावर गार होऊ द्या. गरम मिश्रणावर मांडलेले टॉट खालून लगेच मऊ पडतात.

ओव्हन आधी २०० अंशांवर तापवलेला. पहिली २० मिनिटं फक्त खालचा रॉड, मग दोन्ही, एकूण ४० मिनिटं. फॉइल अजिबात झाकायची नाही, आत वाफ कोंडते. कडेला बुडबुडे आले की झाडाभोवती १०० ग्रॅम किसलेलं मोझरेला घालून आणखी आठ मिनिटं. चीज वितळावं, डाग पडू नयेत. काचेचं भांडं फ्रिजमधून थेट गरम ओव्हनमध्ये घालू नका, तडकतं.

बाहेर काढल्यावर १५ मिनिटं हात लावायचा नाही, तेवढ्यात सॉस बसतो. सजावट याच वेळात : कांद्याची पात बारीक कापून झाडावर, लाल सिमलामिरचीचे अर्ध्या सेंमीचे चौकोन, वाफवलेले मटार, टोकाला पिवळ्या सिमलामिरचीचा तारा. गाजराचा तारा हवा असेल तर आधी दोन मिनिटं उकडा.

उरलेलं ओव्हनमध्येच १८० अंशांवर गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये टॉट लिबलिबीत होतात. पुढची खेप छोट्या ओटीजीसाठी, २० सेंमीच्या चौकोनी भांड्यात : पाच ओळींचे १५ टॉट, एक खोडाला, बाकी सगळं प्रमाण निम्मं.