ठिबकच्या दुकानासाठी सीआरएम: क्लाउड की स्वतःचा सर्व्हर? माझा अनुभव

वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याच्या बागांना ठिबक बसवून देणाऱ्या आमच्या दुकानाला सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी आणि पाठपुरावा ठेवणारं सॉफ्टवेअर, हवं होतं. वाटा तीन होत्या. माणशी दरमहा पैसे भरून क्लाउड (कंपनीच्या सर्व्हरवर, इंटरनेटवरून चालणारं), दुकानातच सर्व्हर, नाहीतर ईआरपीनेक्स्टसारखं मुक्त सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर.

दुकानातला सर्व्हर लगेच बाद केला. यूपीएस मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ देतो, लाइन तासन्‌तास गेली की त्याचा उपयोग संपतो, आणि वावरात माप घेणाऱ्या पोराला मोबाइलवर काहीच दिसत नाही. मुक्त सॉफ्टवेअरला लायसन्सचा खर्च नाही; पण लिनक्स, अपडेट, बॅकअप पाहणारा माणूस कायम हाताशी लागतो. तसा माणूस असेल तर तेच घ्या. आमच्याकडे नव्हता, म्हणून क्लाउड.

खरं अडलं ते शेतकऱ्यांची जुनी यादी चढवताना. विकणाऱ्याचं एकच पालुपद, ‘तुमचा डेटाच खराब आहे.’ याचा राग अजून गेलेला नाही, कारण नेमकं काय खराब ते कोणी सांगेना. शेवटी आम्हीच शोधलं. नावं कृतिदेवमध्ये टाइप केलेली होती. तो फॉन्ट युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाही, त्यामुळे ब्राउझरमध्ये नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करा, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. फाइल एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ प्रकारातच सेव्ह करा. साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात. मोबाइल नंबरापुढे ९१ लावला की आकडे बारा होतात आणि एक्सेल ते 9.19E+11 असं दाखवतं. तसंच सेव्ह झालं की मूळ नंबर गेलाच. म्हणून नंबर टाकण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवा.

दुहेरी नोंदी काढताना फक्त मोबाइलवर भरवसा नको. बाप, दोन लेक, सगळ्यांचा नंबर एकच असतो, नावंही गावात सारखी. आम्ही मोबाइल, गाव आणि गट नंबर एकत्र धरले, तेव्हा यादी सुधरली.

गिऱ्हाइकाचं काम कुठवर आलं ते दाखवणारे टप्पे सॉफ्टवेअर कंपनीचे तयार ठेवू नका. आमचे असे आहेत: चौकशी, माप, महाडीबीटी (सरकारी अनुदानाचं पोर्टल) अर्ज, निवड, पूर्वसंमती, बसवणी, बिल अपलोड, मोका तपासणी (वावरात येऊन पाहणी), अनुदान जमा. गिऱ्हाईक ‘पूर्वसंमती’वर थांबलेलं असताना त्याला वसुलीचा फोन जाऊ नये, एवढ्यासाठी तरी हे वेगळे हवेत.

हे आधीच सांगायला हवं होतं: पैसे भरण्यापूर्वी चाचणी खात्यात स्वतःच्या खऱ्या पन्नास ओळी चढवा, आणि नोंदी, शेरे, फाइलींसकट सगळं परत एक्सेलमध्ये उतरवून पाहा. नुसती पीडीएफ मिळत असेल तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. मोबाइल अ‍ॅप विमान मोडवर टाकून नवी नोंद करा. रेंज आल्यावर ती आपोआप चढली पाहिजे. आणि पेरणीच्या तोंडावर बदल करू नका, दिवाळीनंतर करा.