चौथं चाक

जीप घेतली ती खरं तर त्या दोन आखूड दांड्यांना भुलून. गिअरच्या दांड्याशेजारी उभे असतात ते. एक पुढच्या चाकांना ताकद देणारा, दुसरा लो-हायचा, म्हणजे सावकाश जोराचा की नेहमीच्या वेगाचा गिअर ते ठरवणारा. १९९२ची महिंद्रा एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गोठ्यात भाताच्या पिंजाराखाली दडलेली. टपावर कोंबड्या बसायच्या.

मिस्त्रींनी पोतं अंथरलं, गाडीखाली शिरले आणि तिथूनच विचारलं, "मास्तर, फोर व्हील म्हणून घेतलासा?"

"हो."

"मग पुढचा शाफ्ट कुठाय?"

पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा तो लांब पाइप नव्हताच. त्याच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी सुतळीनं बांधलेली होती. गाडी पूर्वी वडापला होती. बारा-पंधरा माणसं कोंबून डांबरावरनं पळणाऱ्याला पुढच्या चाकांची ताकद कशाला? हा शाफ्ट लागो न लागो, चाकांबरोबर फिरत राहतो, डिझेल खातो, टोकाच्या सांध्यांना, म्हणजे क्रॉसला, ग्रीस मागतो. कुणीतरी तो काढून भंगारात घातला. म्हणजे महिनाभर मी ज्या दांड्याची मूठ ब्रासोनं घासत होतो, तो नुसता शोभेचा.

"अहो, एवढी वर्षं चालली ना तशीच?" घरातून विचारणा झाली. मुद्दा बिनतोड होता. शाळेचा रस्ता डांबरी. जांबोटीकडच्या शेताची वाट चिखलात जाते ती पावसाळ्यातले काही दिवस, आणि त्या दिवसांत शेजाऱ्याचा ट्रॅक्टर असतोच. पण दांडा आहे आणि तो खोटा आहे, हे मला सहन होईना.

बजेट ऐंशी हजारांचं. ब्रेकची सिलिंडरं, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, पाट्यांचे बुश यांतच निम्मं गेलं. यातलं काहीच दिसत नाही हो! रंग पुढच्या वर्षी. तोवर अंगभर रेड ऑक्साइड, आणि शाळेतली पोरं तिला लालपरी म्हणतात.

शाफ्ट जुन्या बाजारात मिळाला, पण चार बोटं लांब. दुसऱ्या गावच्या माणसानं इथं हात टेकले असते. बेळगावच्या आसऱ्याला राहण्याचं सुख असं की आपण सरळ उद्यमबागेत जातो. तिथं फाउंड्र्या आणि लेथ एकमेकांना खेटून आहेत. एका शेडमध्ये पाइप कापला, जोडला, पुन्हा लेथवर चढवून वाकडेपणा दाखवणारा डायल लावला. काटा थरथरायचा थांबेपर्यंत तो कारागीर हातोडीनं हलके हलके ठोकत होता, पितळेच्या भांड्याचा पोचा काढावा तसा. बसवताना दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत यायला हवेत, नाहीतर गाडी थरथरत सुटते. म्हणून मिस्त्रींनी छिन्नीनं दोन खुणा मारल्या.

"डांबरावर लावायचं न्हाई," त्यांनी बजावलं. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर तोडतात, मागची कमी. मातीत चाक जरा घसरून हा फरक मिटवतं. डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा पीळ शाफ्टवर आणि गिअरांवर.

शेवटी गाडी चारही बाजूंनी ठोकळ्यांवर चढवली. इंजिन सुरू, पहिला गिअर, आखूड दांडा पुढं. गॅरेजातलं पोरगं चहाचा ग्लास घेऊन फिरणारी चाकं कानडीत मोजायला लागलं. "ओंदु, एरडु, मूरु..." आणि थांबलं. पुढचं डावं चाक ढिम्म. उजवं मात्र दुप्पट वेगानं गरगरत होतं.

माझं तोंड बघून मिस्त्री हसले. "आगतैती बिडरी, होतंय हो. डिफ्रन्शिअलचा स्वभावच हाय तो, जे चाक अडतंय त्याला सोडतो आणि मोकळ्याला पळवतो. डावीकडचे नवे लायनर घासाय लागलेत. तुमच्याच पैशाचे ब्रेक हो!"

त्यांनी चप्पल काढली आणि उघड्या पायानं त्या चाकाला वरून एक रेटा दिला. चाकानं जरा विचार केला. मग कुरकुरत फिरायला लागलं.

"नाल्कु," म्हणून पोरगं ग्लास विसळायला गेलं.