तूच दाब

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विट्यातल्या आमच्या सेवा केंद्राच्या काउंटरवर हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतोच: "सगळं मोबाईलवर शिकायला मिळतंय, तुला कॉम्प्युटर एवढा येतोय, मग शिक्षक भरतीच्या मागं कशाला लागलीस? पुण्याला कंपनीत जा की." विचारणारे काळजीनंच विचारतात. माझ्या हातात कुणाचा तरी सातबारा असतो, मागं रांग असते, म्हणून "बघू" एवढंच म्हणते.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. इथली कितीतरी घरं गलाईवर चालतात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा, आणि त्यापायी आमची माणसं देशभर पांगलेली. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, कोईमतूरला. मी दुसरीत होते तेव्हा आई मला एसटीडी बूथवर घेऊन जायची. काचेची खोली, आत लाल आकड्यांचा मीटर. आईला बटणांची भीती वाटायची. "तूच दाब," म्हणायची. नंबर मला पाठ होता. आण्णांचा आवाज आला की आई रिसीव्हर घ्यायची, पण तिची नजर त्या पळणाऱ्या आकड्यांवर असायची, आणि सांगायचं ते निम्मं पोटातच राहायचं. पुढं घरात मोबाईल आला, मिस्ड कॉलची खूण ठरली: एक रिंग म्हणजे खुशाल आहे, दोन म्हणजे फोन कर. आता व्हिडिओ कॉल आहे. आई तासभर बोलते, बोलता बोलता भाकरी थापते. तंत्रज्ञान माझ्या घरात असं आलं, म्हणून त्याला नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही.

कॉम्प्युटर मी पहिल्यांदा पाहिला तो हायस्कूलमध्ये, कापडी खोळीत. त्या खोलीला कायम कुलूप. तास असला की चपला बाहेर काढून आत जायचं, हाताची घडी घालून उभं राहायचं, आणि पुढं बसलेले शिक्षक काय करतात ते बघायचं. दोन वर्षांत आमच्यापैकी कुणी की-बोर्डला बोट लावलं नाही. बिघडेल ही भीती. आठवीत, 2011 साली, विज्ञानाला नवीन सर आले. पहिल्याच तासाला ते खुर्चीतून उठले आणि मला म्हणाले, "बस. तूच दाब." मी माऊस धरला. फोल्डर उघडायचं होतं. एकदा दाबलं, नुसतं निळं झालं. पुन्हा दाबलं, काहीच नाही. माझ्या दोन टिचक्यांत फार अंतर पडत होतं. सरांनी माऊसला हात लावला नाही. बाकावर बोटानं वाजवून दाखवलं: टकटक, लगोलग. चौथ्या-पाचव्या वेळी फोल्डर उघडलं. आत चंद्राच्या कलांची चित्रं होती. शिक्षिका व्हायचं मी त्याच दिवशी ठरवलं असं म्हणणार नाही, पण त्या बाकावरची टकटक अजून कानात आहे.

पुढं एमएस-सीआयटी, बी.एस्सी., आणि 2019 ला बी.एड.ला प्रवेश. सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे सरावाचे छोटे छोटे पाठ झाले आणि मार्च 2020 मध्ये सगळं बंद पडलं. सराव पाठ झूमवर. समोर विद्यार्थी म्हणून आमच्याच वर्गातल्या मैत्रिणी, त्यांना उत्तरं आधीच माहीत. "शाळा बंद, पण शिक्षण आहे" असं सरकारनं जाहीर केलं होतं, पण आमच्या वस्तीवर तीन भावंडांत एक फोन, आणि तोही बापाबरोबर रानात. पाऊस सरल्यावर मी देवळाच्या मंडपात सहा मुलं लांब लांब बसवून शिकवायला लागले. माझ्याकडं एकच फोन. त्याच्या पुढच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा छोटासा थेंब ठेवायचा आणि फोन अलगद उलटा करायचा. थेंब लोंबकळून राहतो, त्याचं भिंग होतं. खाली काचेवर कांद्याचा पातळ पापुद्रा धरून वरखाली करत राहायचं. थेंब चारदा सांडला. पाचव्यांदा एक मुलगी फोनखाली मान घालून ओरडली, "ताई, विटा रचल्यात!" पेशी तिला विटांसारख्या दिसल्या. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून याच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र दिसतं. पण थेंब तिनं स्वतः ठेवला होता.

भरतीचं थोडक्यात सांगते. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झाली. मग अभियोग्यता चाचणी, दोनशे प्रश्न, दोन तास, सगळी संगणकावर. ही परीक्षा 2017 नंतर थेट 2023 मध्ये झाली, त्यानंतर 2025 मध्ये. मधल्या वर्षांत आमच्यातल्या किती जणी संसाराला लागल्या, कितींनी अभ्यासाची पुस्तकं रद्दीत घातली. मी दोन्ही वेळा दिली, गुण थोडक्यात कमी पडले. पुन्हा देणार आहे.

तोवर सकाळी केंद्र आणि संध्याकाळी मुलांचे वर्ग. केंद्रात केवायसीला म्हाताऱ्या बायका येतात. भांगलून भांगलून बोटांवरच्या रेषा पुसल्यात, मशीनवर अंगठा उमटत नाही. मग ओटीपी. त्या फोनच माझ्यापुढं सरकवतात: "तूच दाब, पोरी. मला काय कळतंय." आईनं म्हटलेलंच वाक्य, पण आता ऐकताना पोटात कालवतं, कारण असाच फोन त्या कुणापुढंही सरकवतील. मी फोन परत त्यांच्या हातात देते. "आकडे वाचा, मावशी." एक एक आकडा वाचायला वेळ लागतो, रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

एवढी वर्षं मला वाटायचं, बटण मुलाच्या हातात दिलं की झालं. यंदा ते डळमळीत झालं. वर्गातल्या सातवीच्या एका मुलानं "माझी आजी" हा निबंध आणून दाखवला. शुद्धलेखन निर्दोष. आजी आरामखुर्चीत बसून स्वेटर विणते, पऱ्यांच्या गोष्टी सांगते. मी त्याची आजी ओळखते. ती शेरडं राखते, तिच्याकडं आरामखुर्ची नाही. पोरानं खरं ते सांगून टाकलं: फोनमधल्या एआयला विचारलं. बटण त्याचं त्यानंच दाबलं होतं. मी रागावले नाही, पण काय बोलावं ते मला लगेच सुचेना. मग वही बाजूला ठेवून त्याला विचारलं, "तुझी आजी सकाळी उठली की आधी काय करते?"

तो बराच वेळ गप्प बसला. खिडकीतून बाहेर बघत राहिला. मी काही सुचवलं नाही. मग कोऱ्या पानावर त्यानं पेन्सिलनं लिहिलं, "आजी उठली की आधी शेरडांस्नी बघती मग मला बघती. मी झोपल्यालं सोंग घेतो."

मी पान त्याला परत दिलं आणि म्हटलं, पुढचं लिही.